फुलहॅम ते केडगाव

बारामतीहून आगगाडीने दौंडमार्गे पुण्याला जाताना पाटस मागे पडले की केडगाव स्टेशन येते. इंदापूरकडून सोलापूर रस्त्याने येणाऱ्यालाही चौफुल्यापासून ते जवळच. आपण विद्यार्थी या वाटेने कितीदा तरी जातो; पण येथील पंडिता रमाबाईंच्या ‘मुक्ती’ची खरी पायाभरणी दूरदेशीच्या काही अनोळखी स्त्रियांच्या भेटीत झाली, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक असेल?

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा, कर्नाटकातील गंगामूळच्या अरण्यातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकनिंदा सोसून पत्नीला संस्कृत शिकवले; आईने ती विद्या लेकीला दिली. पुराणे सांगत हे कुटुंब तीर्थोतीर्थी हिंडे. १८७४ च्या सुमारास दुष्काळाने त्यांना गाठले. व्रते झाली, दाने झाली, अनुष्ठाने झाली. तरी आई, वडील आणि थोरली बहीण एकामागून एक गेली. उरलेली दोघे भावंडे पायी देशभर फिरली. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी रमाबाईंना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हणून गौरविले. पण ज्या श्रद्धेवर लहानपण पोसले होते, ती भुकेच्या त्या दिवसांत आतून पोखरली गेली होती.

पुढे भाऊ गेला. बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी विवाह झाला आणि १८८२ मध्ये वैधव्य आले. तान्ह्या मनोरमेला घेऊन त्या पुण्यास आल्या, आर्य महिला समाज स्थापला आणि १८८३ साली वैद्यक शिकण्याच्या इच्छेने इंग्लंडला गेल्या.

तेथे वाँटेजच्या ख्रिस्ती भगिनींनी त्यांना लंडनमधील फुलहॅम येथील आपले काम दाखविले. समाजाने ‘पतित’ म्हणून टाकलेल्या स्त्रिया तेथे आश्रयाला येत. त्यांतल्या काही जणी सावरून आता रुग्णांची, दुबळ्यांची सेवा करीत होत्या. रमाबाई थक्क झाल्या. अशा बायकांना पुन्हा उभे करता येते, करायला हवे, हे त्यांना प्रथमच उमगले. याचे मूळ कशात आहे, असे त्यांनी विचारताच एका भगिनीने ख्रिस्त आणि विहिरीवरची शोमरोनी स्त्री यांच्या भेटीची कथा वाचून दाखविली. शास्त्रार्थाने जे साधले नव्हते, ते येथे साधले. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला.

या श्रद्धेची किंमत त्यांना मोजावी लागली. १८८९ मध्ये मुंबईत काढलेले शारदा सदन पुढे पुण्यास आले. तेथे धर्माच्या बाबतीत तटस्थता राहील, असे ठरले होते. परंतु काही मुली बाईंच्या प्रार्थनेस बसू लागल्या, तेव्हा पालकांचा विश्वास डळमळला. १८९३ मध्ये रानडे, भांडारकर यांच्यासारखे पाठीराखेही सल्लागार मंडळातून बाहेर पडले. त्यांची तक्रार निराधार नव्हती. आणि आपली प्रार्थना दार लावून करणे बाईंच्या स्वभावातच नव्हते.

१८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या. रस्त्याकडेच्या उपाशी मुलींत त्यांना आपलेच बालपण दिसले असेल. तेथून त्यांनी शेकडो मुली आणल्या आणि केडगावच्या माळावर ‘मुक्ती’ वसली. शेती, विणकाम, छापखाना यांत त्या मुली राबू आणि शिकू लागल्या. १९०० च्या दुष्काळानंतर आश्रितांची संख्या दोन हजारांच्या आसपास गेली. जिच्यासाठी कुठेच दार उघडे नव्हते, तिच्यासाठी ‘कृपा सदन’ निघाले. फुलहॅममध्ये पाहिलेले केडगावात उतरले.

अखेरची वर्षे त्यांनी बायबलचे मूळ भाषांतून मराठीत भाषांतर करण्यात घालविली. १९२१ मध्ये मनोरमा गेली. ५ एप्रिल १९२२ रोजी बाईंनीही केडगावातच देह ठेवला.

त्यांनी स्वीकारलेला धर्म आपला असो वा नसो. पण देव आहे की नाही, यावर वसतिगृहात रात्र रात्र वाद घालणाऱ्या आपण एक गोष्ट ध्यानात ठेवावी: या महापंडितेला उत्तर मिळाले ते वादात नव्हे, टाकून दिलेल्या माणसाला कोणी उचलून उभे केले ते पाहिल्यावर. पुढच्या खेपेला गाडी केडगावला थांबेल, तेव्हा खिडकीतून क्षणभर बाहेर पाहावे.