रक्ताची जुळणी शोधणारा माणूस : कार्ल लँडस्टाइनर



नटाचे आटे आणि बोल्टचे आटे एका मापाचे नसतील, तर कितीही जोर लावा, नट बसत नाही. उलट आटेच झिजून जातात. अँप्लिफायर आणि स्पीकर यांचे ओहम जुळले नाहीत, तर आवाज नीट येत नाही. विज्ञानाच्या कोणत्याही शाखेत जा, 'जुळणी' भेटतेच. पण एक जुळणी अशी आहे की ती चुकली तर माणूस दगावतो. ती म्हणजे रक्ताची जुळणी. आज ती ज्यांच्यामुळे आपल्याला कळते, त्या कार्ल लँडस्टाइनर यांची ओळख करून घेऊ या.

लँडस्टाइनर यांचा जन्म १४ जून १८६८ रोजी ऑस्ट्रियात झाला. वडील पत्रकार होते. कार्ल अवघे सहा वर्षांचे असताना ते वारले आणि आईनेच मुलाला वाढवलं. १८९१ मध्ये व्हिएन्ना विद्यापीठातून कार्ल डॉक्टर झाले; पण दवाखाना थाटण्याऐवजी ते रसायनशास्त्र शिकायला निघाले. एमिल फिशर यांच्या प्रयोगशाळेतही त्यांनी काम केलं. हेच फिशर १८९४ मध्ये विकरांसाठी कुलूप-किल्लीची उपमा देणार होते. पुढे लँडस्टाइनर यांनीही आयुष्यभर एकाच प्रश्नाचा पाठपुरावा केला : शरीरातला कोणता पदार्थ कोणाशी जुळतो आणि का?

आता त्या काळातली परिस्थिती पाहा. एका माणसाचं रक्त दुसऱ्याला देण्याचे प्रयत्न एकोणिसाव्या शतकात झाले होते. कुणी वाचायचं, तर कुणी थंडी वाजून, तडफडून मरायचं. असं का होतं, ते कुणालाच सांगता येत नव्हतं. दोन माणसांचं रक्त एकत्र केलं की कधीकधी तांबड्या पेशी एकमेकींना चिकटून त्यांच्या गुठळ्या होतात, हे काही जणांनी पाहिलं होतं. पण हा आजाराचा परिणाम असावा, असाच अनेकांचा समज होता.

लँडस्टाइनर यांनी इथेच वेगळा प्रश्न विचारला. माणसं धडधाकट असतील तर काय होईल? त्यांनी स्वतःचं आणि प्रयोगशाळेतल्या सहकाऱ्यांचं रक्त घेतलं. प्रत्येकाच्या रक्तातल्या पेशी वेगळ्या केल्या आणि वर राहणारा पिवळसर द्रव, म्हणजे सीरम, वेगळा ठेवला. मग प्रत्येकाच्या पेशी प्रत्येकाच्या सीरममध्ये मिसळून पाहिल्या आणि निकाल तक्त्यात मांडला. बस्स, एवढंच! महागडं यंत्र नाही की काही नाही.

तक्ता बोलका होता. स्वतःच्या सीरममध्ये कुणाच्याच पेशी चिकटत नव्हत्या. दुसऱ्याच्या सीरममध्ये काहींच्या चिकटत होत्या, काहींच्या नाही. आणि त्यात ठराविक नियम होता. १९०१ मध्ये त्यांनी माणसांचे तीन गट मांडले : ए, बी आणि सी. या 'सी'लाच पुढे 'ओ' म्हणू लागले. चौथा एबी गट १९०२ मध्ये त्यांच्या सहकाऱ्यांना सापडला.

मुलांना कारण असं सांगा. ए गटाच्या पेशींवर ए नावाची खूण (प्रतिजन) असते आणि त्याच माणसाच्या सीरममध्ये बी खुणेला पकडणारे प्रतिपिंड असतात. बी गटात याच्या उलट. ओ गटाच्या पेशींवर या दोन्ही खुणा नसतात, पण सीरममध्ये दोन्ही प्रतिपिंड असतात. एबी गटात खुणा दोन्ही, पण हे प्रतिपिंड एकही नाही. परकी खूण आली की प्रतिपिंड तिला पकडतात आणि पेशी चिकटतात, फुटतात.

एवढा मोठा शोध, पण डॉक्टरांनी लगेच उचलून धरला असं नाही. रक्त देण्यापूर्वी जुळवून पाहण्याची पद्धत न्यूयॉर्कमध्ये रूबेन ओटेनबर्ग यांनी १९०७ मध्ये वापरली. तोवर लँडस्टाइनर शवविच्छेदनाच्या कामात गुंतलेले होते. अशी साडेतीन हजारांहून अधिक विच्छेदनं त्यांनी केली. पोलिओ हा विषाणूमुळे होतो, हे दाखवण्यातही त्यांचा मोठा वाटा आहे. पहिल्या महायुद्धानंतर ऑस्ट्रियाचे हाल झाले. बायको आणि लहान मुलाला घेऊन त्यांनी देश सोडला; आधी नेदरलँड्स, मग न्यूयॉर्कची रॉकफेलर संस्था. १९३० मध्ये, म्हणजे शोधानंतर जवळजवळ तीस वर्षांनी, त्यांना नोबेल मिळालं.

तरी ते थांबले नाहीत. १९४० मध्ये अलेक्झांडर वीनर यांच्यासोबत त्यांनी आरएच घटक जगापुढे मांडला. रक्तगटापुढे आपण जे पॉझिटिव्ह किंवा निगेटिव्ह लिहितो, ते याचंच. आई निगेटिव्ह आणि बाळ पॉझिटिव्ह असेल तर बाळाला धोका का संभवतो, हेही या घटकावरून उलगडलं. जून १९४३ मध्ये प्रयोगशाळेत काम करतानाच त्यांना हृदयविकाराचा झटका आला आणि २६ जूनला त्यांचं निधन झालं. त्यांचा जन्मदिवस, १४ जून, आज जागतिक रक्तदाता दिन म्हणून पाळला जातो.

या गोष्टीचा एक धागा आपल्या मुंबईतही आहे बरं का! १९५२ मध्ये डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असा दुर्मीळ गट नोंदवला की ज्याला ओ गटाचं रक्तसुद्धा चालत नाही. जगभर त्याला 'बॉम्बे रक्तगट' म्हणतात. नेहमीच्या साध्या तपासणीत तो ओ वाटू शकतो. म्हणून गट माहीत असला तरी रक्त देण्यापूर्वी प्रत्यक्ष जुळवून पाहावंच लागतं.

वर्गात एक खेळ घ्या. चार गटांच्या चिठ्ठ्या मुलांना वाटा आणि दाता-रुग्ण अशा सोळा जोड्या फळ्यावर मांडायला सांगा. आरएच बाजूला ठेवला तर तांबड्या पेशींसाठी नऊ जोड्या जुळतात, सात जुळत नाहीत. मुलांनी त्या स्वतः शोधल्या की लँडस्टाइनर यांचा तक्ता पाठ करावा लागत नाही.

आणि पालकहो, शाळेच्या ओळखपत्रावर रक्तगटाचा रकाना असतो. तो अंदाजाने किंवा भावंडाचा पाहून भरू नका. एकाच आईबापांच्या मुलांचे गट वेगळे असू शकतात. तपासून घ्या, मगच लिहा.