डॉ. भांडारकर

डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांचा जन्म ६ जुलै १८३७ रोजी मालवण येथे झाला. त्यांचे वडील कारकून होते. वडिलांची बदली रत्नागिरीला झाली, म्हणून रामकृष्ण तिथल्या शाळेत शिकले. मग ते मुंबईला गेले. १८६२ साली मुंबई विद्यापीठातून सर्वात पहिले पदवीधर बाहेर पडले, त्यांत ते होते.

ते संस्कृतचे मोठे पंडित झाले. शाळेतल्या मुलांना संस्कृत सोपे जावे म्हणून त्यांनी 'मार्गोपदेशिका' हे पुस्तक लिहिले.

पूर्वी छापखाने नव्हते. पोथ्या हाताने उतरवून काढत. आता बघा, फळ्यावरून लिहून घेताना माझी एखादी ओळ सुटते. माझी वही बघून मैत्रिणीने लिहिलं, तर तिचीपण तीच ओळ सुटणार. शिवाय ती स्वतःची एखादी चूक करणार ती वेगळीच! पोथ्यांचं तसंच झालं होतं. म्हणून भांडारकर जुन्या पोथ्या शोधून गोळा करीत व एकमेकींशी ताडून पाहत. शिलालेख, ताम्रपटही वाचत. पुरावा असल्याशिवाय ते काही खरं मानत नसत. १८८४ साली त्यांनी दख्खनचा प्राचीन इतिहास लिहिला.

त्यांची एक मुलगी विधवा झाली होती. त्या काळी विधवेने परत लग्न करायचे नाही, शास्त्रात तसेच आहे, असे लोक म्हणत. पण भांडारकरांनी तर शास्त्रे स्वतः वाचली होती! जुन्या काळी विधवांची लग्ने होत, हे त्यांना ग्रंथांतून कळले होते. लोकांना सांगणं सोपं असतं, आपल्या घरात करणं कठीण. त्यांनी ते केलं. १८९१ साली त्यांनी मुलीचे पुन्हा लग्न लावून दिले. जातीतले लोक खूप रागावले, तरी ते मागे हटले नाहीत. मला ही गोष्ट सगळ्यात आवडली.

१८९३ साली ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले. त्यांना ऐंशी वर्षे पूर्ण झाली त्या दिवशी, ६ जुलै १९१७ ला, पुण्यात भांडारकर संस्था निघाली. तिथल्या पंडितांनी महाभारताच्या बाराशेहून जास्त पोथ्या ताडून पाहिल्या. ते काम १९१९ ला सुरू झाले आणि १९६६ ला संपले!

२४ ऑगस्ट १९२५ रोजी भांडारकर वारले. त्या दिवशी ऋषिपंचमी होती.

आता मी फळ्यावरचं उतरवून घेतलं की एकदा ताडून बघते. तुम्हीपण बघा.

इयत्ता ४ थी