वेल्डिंग नेमकं कुठे थांबवायचं? आधी आउगुस्ट व्होलरची गोष्ट ऐका

आमच्या भंडारा जिल्ह्यात तुमसर रोडच्या पुढे मुंबई–हावडा रेल्वेमार्ग वैनगंगा ओलांडतो. मालगाडीचा एकेक डबा जातो तसा पुलाचा गर्डर किंचित वाकतो, पुन्हा सरळ होतो. असं वर्षानुवर्षं, लाखो वेळा. अशानं पोलाद थकतं, हे मोजून दाखवलं आउगुस्ट व्होलरनं. म्हणून गर्डरच्या वेल्डिंगचा विषय निघाला की मी याच्यापासून सुरुवात करतो. खरं तर त्याच्या उमेदीच्या काळात पूल रिव्हेटचे असत, वेल्डिंगचे नाही.

व्होलरचा जन्म 1819 चा, जर्मनीतल्या सोल्टाऊ गावचा. तो 22 वर्षांचा असताना, मे 1842 मध्ये, फ्रान्सला व्हर्सायजवळ इंजिनाचा आस तुटला. डबे एकमेकांवर चढले, आग लागली. डब्यांची दारं बाहेरून बंद! 50 हून जास्त माणसं गेली. आस चांगला जाडजूड होता, मग तुटला का, हे कोणालाच नीट सांगता येईना.

1847 पासून व्होलर ओडर नदीकाठच्या फ्रँकफुर्टला रेल्वेच्या डब्यांचा आणि वर्कशॉपचा प्रमुख होता. त्यानं अंदाज बांधत बसण्यापेक्षा मोजायला घेतलं. धावत्या डब्याखाली उपकरण लावलं, आस किती वाकतो ते जस्ताच्या पत्र्यावर ओरखड्यांनी नोंदलं. मग आस फिरवत ठेवणारी मशिनं बनवली, फेरे लाखांत मोजले. 1870 पर्यंत निकाल समोर होते. एका दमात सहज पेलणारा ताण पुन्हा पुन्हा दिला तर पोलाद तुटतं. त्यात कमाल ताणापेक्षा ताणातला चढ-उतार जास्त घातक. आणि मला सगळ्यात भारी वाटतं ते हे: आसाची जाडी जिथे धारदार कोपऱ्यानं एकदम बदलते, तिथेच तो लवकर जातो. कोपरा गोलाईदार ठेवा, आयुष्य वाढतं. तुमची चार्जिंग केबल कुठे तुटते बघा, पिनच्या अगदी तोंडाशी.

पुढे तो स्ट्रासबुर्गला रेल्वेचा संचालक झाला, 1889 ला निवृत्त झाला, 1914 मध्ये हॅनोवरला वारला. पोलंडमधला मौझित्से इथला वेल्डिंगचा रस्तापूल त्यानंतर 15 वर्षांनी, 1929 ला उभा राहिला.

आता गर्डर. फिलेट वेल्ड म्हणजे दोन पट्ट्यांच्या कोपऱ्यात भरलेला त्रिकोणी सांधा. तो संपतो तिथे ताणाचा ओघ अचानक वळतो, शिवाय थंड होताना धातू आकसतो आणि ओढ आतच राहते. म्हणजे व्होलरचा धारदार कोपराच! गर्डरच्या मधल्या भागात खालच्या फ्लँजला ताण सर्वांत जास्त, त्यामुळे वेल्डचं टोक तिथे नको. वेबला उभे स्टिफनर लावतात. ज्यांना आडवं ब्रेसिंग जोडलेलं नसतं, त्यांचं वेल्ड ताणाच्या फ्लँजच्या वेल्डपासून वेबच्या जाडीच्या 4 ते 6 पट अंतरावर थांबवतात. वेब 12 मिमी असेल तर 48 ते 72 मिमी. अंतर फार कमी ठेवलं तर सगळी लवचिक हालचाल त्या चिंचोळ्या पट्टीत कोंबली जाते आणि तडा जातो. फार जास्त ठेवलं तर तिथला वेब दबून वाकू शकतो. ब्रेसिंग असेल तर मात्र पट्टी दोन्ही फ्लँजला पक्की जोडायची, नाहीतर ब्रेसिंगच ती मोकळी जागा मागेपुढे वाकवत राहतं.

सगळ्यात बदनाम टोक कव्हर प्लेटचं, म्हणजे फ्लँजवर जादा चढवलेल्या पट्टीचं. अमेरिकेत कनेक्टिकटमधला यलो मिल पाँड पूल 1958 चा. 1970 मध्ये तिथे अशाच टोकापासून निघालेला तडा फ्लँज चिरून वेबमध्ये शिरलेला सापडला. अमेरिकन नियमांत साध्या पट्टीला चढ-उताराची मर्यादा 165 मेगापास्कल आहे, कव्हर प्लेटच्या टोकाला 31, आणि जाड फ्लँज असेल तर फक्त 18. म्हणून हिशेबानं पट्टी जिथे संपली तरी चालेल, त्याच्याही पुढे, आधाराच्या दिशेनं, ताण उतरलेल्या जागी नेऊन ती संपवतात.