जमिनीवर पडलेला चिमटा

करोनाच्या साथीत, २०२० साली, बारामती-इंदापूरच्या रुग्णालयांपासून मुंबईच्या इस्पितळांपर्यंत खाटांचे कठडे आणि दारांच्या मुठी जंतुनाशकाने पुसण्याची धांदल उडाली होती. रोग मुख्यतः हवेतून पसरतो, हे पुढे स्पष्ट झाले. तरी रुग्णालयातील स्वच्छतेचे महत्त्व त्यामुळे कमी होत नाही. एका अस्वच्छ उपकरणाने केवढा अनर्थ घडतो आणि त्याचे खापर भलत्याच्याच माथी कसे फुटते, याची साक्ष वाल्डेमार हाफकिन यांचे चरित्र देते.

१८६० साली ओडेसा येथे ज्यू कुटुंबात जन्मलेल्या हाफकिन यांनी पॅरिसच्या पाश्चर संस्थेत पटकीची लस सिद्ध केली व १८९२ साली ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. पुढच्याच वर्षी ते हिंदुस्थानात आले. १८९६ साली मुंबईत प्लेग उद्भवला, तेव्हा ग्रँट मेडिकल कॉलेजातील लहानशा प्रयोगशाळेत त्यांनी काही महिन्यांतच प्लेगची लस तयार केली. १० जानेवारी १८९७ रोजी तीही त्यांनी आधी स्वतःच्याच अंगात घेतली. पुण्यात सरकार घरे धुऊन आणि सामान जाळून लोकांचा रोष ओढवून घेत होते, त्याच वर्षीची ही गोष्ट. १८९९ साली त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या राजभवनात आली.

ऑक्टोबर १९०२ मध्ये पंजाबातील मुलकोवाल गावी १०७ जणांना लस टोचण्यात आली. त्यांपैकी एकाच बाटलीतील लस मिळालेले १९ जण धनुर्वाताने दगावले. हाफकिन यांनी लशीत कार्बोलिक आम्ल घालण्याची रीत बदलली होती, एवढ्यावरून सरकारी चौकशीने दोष प्रयोगशाळेवर ठेवला आणि त्यांचे पद गेले. वास्तविक बाटली उघडताना मदतनिसाच्या हातचा चिमटा जमिनीवर पडला होता व तो पुरेसा निर्जंतुक न करताच वापरण्यात आला होता. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात. ते प्रयोगशाळेतच शिरून बाटलीत वाढले असते, तर लशीला दुर्गंधी आली असती. तशी ती नव्हती. रोनाल्ड रॉस प्रभृती शास्त्रज्ञांनी १९०७ साली लंडनच्या टाइम्स पत्रातून हा अन्याय वेशीवर टांगला, तेव्हा कुठे हाफकिन निर्दोष ठरले. ते कलकत्त्यास परतले खरे. परंतु पूर्वीचे स्थान त्यांना पुन्हा लाभले नाही. १९२५ साली परळच्या संस्थेस त्यांचे नाव देण्यात आले. १९३० साली लोझान येथे त्यांचा अंत झाला.

ज्या लशीने असंख्यांचे प्राण वाचविले, तिच्या कर्त्याची पाच वर्षे एका चिमट्यापायी कलंकात गेली. रुग्णालयात दुर्घटना घडली की आजही प्रथम कोणाला तरी दोषी ठरविण्याची घाई होते. कधी तो डॉक्टर असतो, कधी परिचारिका, कधी सफाई कामगार. उपकरण कोठे ठेवले होते, कोणी व कसे धुतले, याची नोंद मात्र अखेरपर्यंत कोणी पाहत नाही. ती नोंद रोजच्या रोज ठेवणे आणि शिक्षेपूर्वी ती तपासणे, हेच हाफकिन यांचे खरे स्मारक होय.