चेटकिणीचा मुलगा

केप्लर हे नाव आपल्यापैकी बऱ्याच जणींनी शाळेत वाचलं असेल. ग्रह सूर्याभोवती लंबवर्तुळात फिरतात हे सांगणारा जर्मन खगोलशास्त्रज्ञ. परीक्षेपुरतं तेवढं पुरायचं. मला मात्र त्याच्या नियमांपेक्षा त्याच्या आईची हकिकतच जास्त लक्षात राहिली.

योहान्स केप्लर जन्मला २७ डिसेंबर १५७१ ला, एका लहानशा गावात. वडील भाडोत्री सैनिक. असेच एका लढाईवर गेले ते परतलेच नाहीत. आई कॅथरिना तोंडाने फटकळ, पण झाडपाल्याची औषधं जाणणारी. १५७७ मध्ये आकाशात मोठा धूमकेतू दिसला. धूमकेतू म्हणजे युद्ध नाहीतर रोगराई, असा तेव्हा लोकांचा समज. या बाईने मात्र सहा वर्षांच्या पोराला उंचावर नेऊन तो दाखवला! देवी येऊन पोराची नजर अधू झालेली, तरी पुढे आयुष्यभर त्याने आकाशच धरलं.

प्रागला तो सम्राटाचा गणिती झाला. टायको ब्राहेच्या मंगळाच्या नोंदींवर वर्षानुवर्षं आकडेमोड करून १६०९ मध्ये त्याने लंबवर्तुळाचा नियम मांडला. त्याच सुमारास एक गोष्टही लिहिली, चंद्रावरून आकाश कसं दिसेल याची. गोष्टीतला मुलगा टायकोकडे शिकतो आणि त्याची आई जडीबुटी विकते, भुताखेतांना बोलावते. हस्तलिखित हातोहाती फिरलं. पुढे जे झालं त्याला आपली ही गोष्टच कारण झाली, असं केप्लरला वाटत राहिलं.

झालं असं, की १६१५ मध्ये एका शेजारणीने आळ घेतला. म्हणे, कॅथरिनाने दिलेलं कडू पेय पिऊन मी आजारी पडले. मग काय, गावातली सगळी दुखणी म्हातारीच्या माथी! मे १६१८ मध्ये केप्लरला ग्रहांचा तिसरा नियम गवसला आणि त्याच महिन्यात प्रागला कॅथलिक-प्रोटेस्टंटांच्या तीस वर्षांच्या युद्धाची ठिणगी पडली. ऑगस्ट १६२० मध्ये सत्तरी ओलांडलेल्या आईला साखळदंडात टाकलं.

तो लिंझहून धावत आला आणि स्वतः खटला लढला. चेटूक असतं की नसतं, या वादात तो शिरलाच नाही. ग्रहांच्या नोंदी तपासाव्यात तशा त्याने एकेक साक्ष तपासली. कुठे विसंगती, कुठे साधं दुखणं, सगळं लिहून काढलं. शेजारणीची व्याधी तर आधी घेतलेल्या औषधांची, असं त्याने मांडलं. मला त्याच्या या थंड डोक्याचं फार कौतुक वाटतं. शेवटी छळाची हत्यारं समोर ठेवून कॅथरिनाला दरडावलं गेलं. ती बधली नाही. चौदा महिन्यांनी, १६२१ मध्ये सुटली आणि पुढच्या एप्रिलमध्ये गेली.

त्या जुन्या चंद्रकथेला केप्लरने पुढे दोनशेहून जास्त टिपा जोडल्या. गोष्टीतली आई मात्र काढली नाही. १६३० मध्ये रेगेन्सबुर्गला तो वारला. युद्धाच्या धामधुमीत त्याची कबरही नाहीशी झाली. गोष्ट १६३४ मध्ये छापून आली.