डॉ. शंभूनाथ डे : पटकीचे विष शोधणारा उपेक्षित विकृतिशास्त्रज्ञ

कोलकाता : पटकी किंवा कॉलरा या रोगात माणूस काही तासांत कोरडा का पडतो, या प्रश्नाचे प्रयोगसिद्ध उत्तर १९५९ मध्ये कोलकाता येथील एका सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या विकृतिशास्त्र विभागातून जगाला मिळाले. हे उत्तर देणारे प्राध्यापक शंभूनाथ डे यांची जयंती १ फेब्रुवारी रोजी असते. त्यांच्या शोधाने अतिसाराच्या रोगांकडे पाहण्याची वैद्यकशास्त्राची दृष्टी बदलली. परंतु देशातील कोणत्याही प्रमुख विज्ञान अकादमीने त्यांना हयातीत आपले सदस्यत्व दिले नाही.

पटकीने भारतीय समाजमनावर किती खोल घाव घातला होता, याची साक्ष लोकदैवते देतात. महाराष्ट्रात गावाच्या वेशीवरील मरीआईला पटकीच्या दिवसांत साकडे घातले जाई, तर बंगालमध्ये ओलाईचंडी आणि ओलाबीबी यांची आराधना होई. पंढरपूरच्या वारीपासून गंगासागरच्या यात्रेपर्यंत जेथे मोठा समुदाय जमे, तेथे या रोगाचे सावट असे. जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कोख १८८३-८४ मध्ये कोलकात्यात आले आणि रुग्णांच्या आतड्यांतील स्वल्पविरामाच्या आकाराच्या जिवाणूचा या रोगाशी असलेला संबंध त्यांनी प्रस्थापित केला. हा जिवाणू एखादे विष सोडत असावा, असा तर्कही त्यांनी मांडला होता. मात्र ते विष कोणालाही दाखवता आले नाही. पुढील ७५ वर्षे हा तर्क सिद्ध झाला नाही आणि खोडलाही गेला नाही.

शंभूनाथ डे यांचा जन्म १ फेब्रुवारी १९१५ रोजी बंगालमधील हुगळी जिल्ह्यातील गरिबाटी या गावी झाला. वडील दशरथी डे यांचा छोटा व्यापार होता आणि घरची स्थिती बेताची होती. गावातील शाळेतून ते चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाले आणि हुगळीच्या मोहसिन महाविद्यालयात दाखल झाले. शिष्यवृत्ती मिळाल्यामुळे १८३५ मध्ये स्थापन झालेल्या कलकत्ता वैद्यकीय महाविद्यालयाचे दार त्यांच्यासाठी उघडले. १९३९ मध्ये त्यांनी वैद्यकीय पदवी आणि १९४२ मध्ये उष्णकटिबंधीय रोगांविषयीची पदविका संपादन केली. खासगी व्यवसायात पैसा आणि प्रतिष्ठा दोन्ही मिळण्याची शक्यता असताना त्यांचे मन प्रयोगशाळेकडेच ओढ घेत होते.

महाविद्यालयातील विकृतिशास्त्राचे प्राध्यापक बी. पी. त्रिवेदी यांनी या तरुणातील संशोधक ओळखला. त्यांच्याच प्रोत्साहनाने डे १९४७ मध्ये लंडनला गेले आणि युनिव्हर्सिटी कॉलेज हॉस्पिटलच्या वैद्यकीय विद्यालयात प्रसिद्ध विकृतिशास्त्रज्ञ सर रॉय कॅमेरॉन यांच्या मार्गदर्शनाखाली काम करू लागले. १९४९ मध्ये पीएच.डी. मिळवून ते मायदेशी परतले. लंडनमधील त्यांच्या संशोधनाचा पटकीशी संबंध नव्हता, परंतु प्रयोगाची काटेकोर आखणी आणि प्रत्येक निष्कर्षाला तुलनेची जोड देण्याची शिस्त त्यांनी तेथून आणली.

परतल्यानंतर नीलरतन सरकार वैद्यकीय महाविद्यालयात अध्यापन करताना त्यांनी पटकीचा विषय हाती घेतला. त्यासाठी दूर जाण्याची गरज नव्हती, कारण दर हंगामात शहरातील रुग्णालये या रुग्णांनी भरत असत. प्रारंभी त्यांनी पटकीने दगावलेल्या रुग्णांच्या मूत्रपिंडांतील विकृतींचा अभ्यास केला. तथापि मूत्रपिंड निकामी होणे हा परिणाम आहे, मूळ घटना आतड्यात घडते, हे त्यांच्या ध्यानात आले. त्या काळी आतड्याच्या अस्तराची झीज होते आणि त्यामुळे पाणी पाझरते, असे अनेक तज्ज्ञ मानत. जिवाणू मेल्यानंतर त्यांच्या शरीरातून बाहेर पडणारे द्रव्य रक्तात भिनून अपाय करते, असेही मानले जाई. त्यामुळे प्रयोगशाळेतील प्राण्यांच्या शिरेत किंवा उदरपोकळीत जिवाणू टोचले जात. प्राणी मरत, पण त्यांना पटकी होत नसे.

डे यांनी ही वाट सोडली. रोग आतड्यात होतो, तर जिवाणूही आतड्यातच ठेवला पाहिजे, असा साधा विचार त्यांनी केला. भूल दिलेल्या सशाचे पोट उघडून लहान आतड्याचा काही इंच लांबीचा भाग दोन्ही टोकांना दोऱ्याने बांधायचा, त्या बंद भागात पटकीच्या जिवाणूंचे संवर्धन टोचायचे आणि पोट पुन्हा शिवायचे, अशी त्यांची पद्धत होती. दुसऱ्या दिवशी हा भाग द्रवाने तट्ट फुगलेला आढळे, तर जिवाणू न टोचलेला शेजारचा भाग पूर्वीसारखाच रिकामा राही. सहकारी डी. एन. चटर्जी यांच्यासमवेत केलेले हे काम १९५३ मध्ये ब्रिटनमधील विकृतिशास्त्राच्या नामांकित नियतकालिकात प्रसिद्ध झाले. ससा, दोरा, सुई आणि जिवाणूंचे संवर्धन एवढ्याच साधनांवर उभी राहिलेली ही पद्धत पुढे जगभरातील प्रयोगशाळांनी स्वीकारली.

याच पद्धतीने त्यांनी आणखी एक महत्त्वाचा दुवा हाती आणला. अतिसाराच्या रुग्णांच्या विष्ठेत सापडणाऱ्या ई. कोलाय या जिवाणूचे काही वाणही सशाच्या आतड्यात पटकीसारखाच द्रव साठवतात, हे त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ मध्ये दाखवून दिले. आतड्यात एरवी निरुपद्रवी मानल्या जाणाऱ्या जिवाणूचे काही वाण विषारी असू शकतात, ही कल्पना त्या वेळी नवीन होती. बालकांमधील तसेच प्रवाशांना होणाऱ्या अतिसाराच्या पुढील अभ्यासाला त्यातून दिशा मिळाली.

दरम्यान १९५५ मध्ये डे कलकत्ता वैद्यकीय महाविद्यालयात विकृतिशास्त्र आणि जिवाणुशास्त्र विभागाचे प्रमुख झाले. येथेच त्यांनी निर्णायक प्रयोग केला. पटकीच्या जिवाणूंचे संवर्धन अतिसूक्ष्म छिद्रांच्या गाळणीतून गाळून त्यांनी द्रवातील सर्व जिवाणू काढून टाकले. उरलेला जिवाणूरहित द्रव सशाच्या बांधलेल्या आतड्यात टोचला आणि आतडे पूर्वीसारखेच फुगले. जिवंत जिवाणू नसतानाही रोगाची मुख्य खूण प्रकट झाली होती. जिवाणूने बाहेर सोडलेले विषच पटकीला कारण आहे, हे त्यातून स्पष्ट झाले. एकट्या डे यांच्या नावाने हा निबंध मे १९५९ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात जेमतेम दोन पानांत छापून आला. कोख यांनी कोलकात्यात सोडलेला प्रश्न कोलकात्यातच सुटला.

त्याच वर्षी मुंबईतील हाफकिन संस्थेत एन. के. दत्ता, एम. व्ही. पानसे आणि डी. आर. कुलकर्णी यांनी सशाच्या नवजात पिलांवर प्रयोग करून पटकीतील विषाची भूमिका दाखवली. दोन भिन्न पद्धतींनी, दोन भिन्न शहरांतून आलेले हे पुरावे परस्परांना बळ देणारे होते. पटकीच्या आधुनिक संशोधनाचा पाया भारतीय प्रयोगशाळांत घातला गेला, असे म्हणण्यास त्यामुळे भक्कम आधार मिळतो.

यानंतरचा काळ मात्र डे यांच्यासाठी कसोटीचा ठरला. विष असल्याचे सिद्ध झाले होते, आता ते शुद्ध स्वरूपात वेगळे करायचे होते. सशाच्या प्रयोगासाठी कुशल हात आणि नेमका विचार पुरेसा होता, पण प्रथिनांच्या शुद्धीकरणासाठी महागडी यंत्रे, रसायने, प्रशिक्षित साहाय्यक आणि वर्षानुवर्षे खात्रीने मिळणारा निधी आवश्यक होता. अध्यापन, शवविच्छेदन, रुग्णालयाच्या तपासण्या आणि परीक्षा यांचा भार वाहणाऱ्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या विभागात असे बळ उभे राहणे सोपे नव्हते. डे यांनी विष वेगळे करण्याचा प्रयत्न केला, परंतु त्यांना यश आले नाही.

याच सुमारास पटकीच्या संशोधनाकडे पैशाचा ओघ वाढू लागला होता. १९६० मध्ये अमेरिकेच्या पाठबळाने ढाका येथे पटकी संशोधन प्रयोगशाळा सुरू झाली. १९६१ पासून इंडोनेशियातून पटकीची सातवी जागतिक साथ पसरू लागली. १९६२ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने कोलकात्यात पटकी संशोधन केंद्र स्थापन केले. अखेर १९६९ मध्ये अमेरिकेतील डॅलस येथे रिचर्ड फिंकेलस्टाइन आणि जोसेफ लोस्पालुटो यांनी हे विष शुद्ध स्वरूपात मिळवले. ज्या विभागाने दहा वर्षे आधी त्या विषाचे अस्तित्व सिद्ध केले होते, तो या शर्यतीत मागे राहिला.

डे यांच्या शोधाचे फलित प्रयोगशाळेपुरते राहिले नाही. हे विष आतड्याच्या पेशींचा नाश करत नाही, तर पेशींतील एक रासायनिक संदेश अखंड चालू ठेवून त्यांना क्षार आणि पाणी बाहेर टाकायला लावते, हे पुढील संशोधनातून उलगडले. आतड्याचे अस्तर शाबूत असते, म्हणूनच ग्लुकोजच्या साहाय्याने क्षार आणि पाणी पुन्हा शोषून घेण्याची त्याची क्षमताही टिकून राहते. तोंडावाटे देण्याच्या जलसंजीवनीचे शास्त्र याच वस्तुस्थितीवर उभे आहे. १९७१ मध्ये बांगलादेश मुक्तिसंग्रामाच्या वेळी सीमेवरील बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी या द्रावणाचा मोठ्या प्रमाणावर वापर करून असंख्य रुग्णांना वाचवले. महालनबीस यांना २०२३ मध्ये मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाला.

डे यांच्या वाट्याला आलेले सन्मान मोजकेच होते. कलकत्ता विद्यापीठाने १९५६ मध्ये त्यांना कोट्स पदक दिले. त्याच पिढीतील विकृतिशास्त्रज्ञांना मान मिळतच नव्हता, असे नाही. मुंबईत विकृतिशास्त्राचे अध्यापन आणि कर्करोगाचे संशोधन करणारे डॉ. वसंत रामजी खानोलकर पद्मभूषणचे मानकरी ठरले आणि मुंबई विद्यापीठाचे कुलगुरूही झाले. खानोलकर यांच्या मागे स्वतंत्र संशोधन संस्था होती आणि राष्ट्रीय पातळीवरील समित्यांमध्ये त्यांचा वावर होता. डे मात्र आपल्या विभागात आणि प्रयोगशाळेतच रमले. त्यांच्या १९५९ च्या निबंधाचे मोल सुरुवातीची काही वर्षे परदेशातही पुरेसे ओळखले गेले नाही. भारतात तर त्यांचे नाव सुचवणारेच कोणी पुढे आले नाही. १९७३ मध्ये ते सेवानिवृत्त झाले.

दाद आली ती बाहेरून आणि उशिरा. १९७८ मध्ये नोबेल प्रतिष्ठानने स्टॉकहोम येथे पटकी आणि तत्सम अतिसारांवर परिसंवाद आयोजित केला आणि निवृत्त प्राध्यापक डे यांना सन्मानाने पाचारण केले. विस्मृतीत गेलेल्या आपल्याला आयोजकांनी पुन्हा उजेडात आणले, अशी भावना त्यांनी तेथे व्यक्त केली. नोबेल पारितोषिक विजेते अमेरिकी शास्त्रज्ञ जोशुआ लेडरबर्ग यांनी नोबेलसाठी त्यांचे नाव एकाहून अधिक वेळा सुचवले होते. ते पारितोषिक मात्र त्यांना मिळाले नाही.

१५ एप्रिल १९८५ रोजी डे यांचे निधन झाले. त्यानंतर पुढच्याच वर्षी शास्त्रीय संदर्भसूचीचे जनक युजीन गारफिल्ड यांनी पटकीविषयक संशोधनाचा आलेख मांडताना डे यांच्या निबंधांचे मध्यवर्ती स्थान अधोरेखित केले. १९९० मध्ये बंगळुरूहून निघणाऱ्या ‘करंट सायन्स’ या नियतकालिकाने त्यांच्या कार्यावर विशेषांक काढला. अकादमींच्या यादीत ज्यांना जागा मिळाली नव्हती, त्यांच्या कार्याची नोंद भारतीय विज्ञानाने अखेर घेतली, पण ती पाहायला ते नव्हते.

संशोधनाचा निधी, पदे आणि पुरस्कार ठरवताना संस्थेचे नाव, शिफारस करणारे हात आणि समित्यांमधील वावर यांना आजही मोठे वजन असते. अध्यापनाचा भार सांभाळून महाविद्यालयाच्या कोपऱ्यात काम करणारा संशोधक या मोजमापातून सहज निसटतो. डे यांच्या बाबतीत तसेच घडले आणि त्याची किंमत एकट्या त्यांनी मोजली नाही. विषाच्या शुद्धीकरणाचे पुढचे पाऊल ज्या विभागाने टाकायला हवे होते, तो विभाग आणि पर्यायाने देशही त्याला मुकला. सशाच्या बांधलेल्या आतड्याची त्यांची पद्धत मात्र आजही अतिसाराच्या जिवाणूंची परीक्षा घेण्यासाठी वापरली जाते.