जॉन हर्शेल

सर जॉन फ्रेडरिक विल्यम हर्शेल (७ मार्च, १७९२ - ११ मे, १८७१) हे इंग्लिश खगोलशास्त्रज्ञ, गणितज्ञ व रसायनशास्त्रज्ञ होते. शनीच्या सात व युरेनसच्या चार उपग्रहांची आज रूढ असलेली नावे त्यांनी सुचविली.

जीवन

हर्शेल यांचा जन्म इंग्लंडमधील स्लाउ येथे झाला. युरेनसचा शोध लावणारे विल्यम हर्शेल हे त्यांचे वडील, तर खगोलशास्त्रज्ञ कॅरोलिन हर्शेल या त्यांच्या आत्या होत. १८१३ साली केंब्रिज विद्यापीठाच्या गणित परीक्षेत ते पहिले आले. १८३४ ते १८३८ या काळात त्यांनी दक्षिण आफ्रिकेतील केप येथून दक्षिण गोलार्धाच्या आकाशाचे निरीक्षण केले. ग्रीक साहित्याचाही त्यांचा व्यासंग होता. होमरच्या इलियडचा त्यांनी केलेला इंग्रजी पद्यानुवाद १८६६ साली प्रसिद्ध झाला.

शनीचे उपग्रह

शनीचे उपग्रह पूर्वी क्रमांकाने ओळखले जात. नवा उपग्रह ग्रहाच्या अधिक जवळ सापडला, की त्यापलीकडील उपग्रहांचे क्रमांक बदलत. टायटनला निरनिराळ्या काळी दुसरा, चौथा व सहावा असे क्रमांक मिळाले होते. हा गोंधळ टाळण्यासाठी हर्शेल यांनी १८४७ साली केपमधील निरीक्षणांच्या ग्रंथात मिमास, एन्सेलाडस, टेथिस, डायोनी, रिया, टायटन व आयापेटस ही नावे सुचविली. पुराणकथेत शनीने आपली मुले गिळली असल्याने त्यांनी त्याच्या भावंडांची, म्हणजे टायटनांची, नावे निवडली. आतील दोन लहान उपग्रहांना मात्र नंतरच्या पिढीतील राक्षसांची नावे दिली. पुढच्याच वर्षी सापडलेल्या हायपेरियनला याच पद्धतीने नाव मिळाले.

युरेनसचे उपग्रह

विल्यम हर्शेल यांना १७८७ साली युरेनसचे दोन उपग्रह सापडले होते. त्यांच्या मृत्यूनंतर सुमारे तीस वर्षांपर्यंत ते अनामिकच होते. १८५१ साली विल्यम लॅसेल यांनी आणखी दोन शोधले व नावांसाठी जॉन हर्शेल यांना विनंती केली. या वेळी हर्शेल ग्रीक पुराणांऐवजी इंग्रजी साहित्याकडे वळले. वडिलांनी शोधलेल्या उपग्रहांना त्यांनी शेक्सपियरच्या ‘अ मिडसमर नाइट्स ड्रीम’ या नाटकातील पऱ्यांची राणी टायटॅनिया व राजा ओबेरॉन यांची नावे दिली. अंब्रियल हे नाव अलेक्झांडर पोप यांच्या ‘द रेप ऑफ द लॉक’ या काव्यातील आहे. एरियल हे पात्र या काव्यात तसेच शेक्सपियरच्या ‘द टेम्पेस्ट’मध्येही आढळते.

वारसा

हर्शेल यांचे निधन केंट परगण्यातील कॉलिंगवूड येथे झाले. वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये त्यांचे दफन करण्यात आले. १९४८ साली जेरार्ड कायपर यांनी शोधलेल्या उपग्रहाला ‘द टेम्पेस्ट’मधील मिरांडाचे नाव मिळाले. व्हॉयेजर २ या यानाने शोधलेल्या युरेनसच्या उपग्रहांनाही शेक्सपियर व पोप यांच्याच पात्रांची नावे देण्यात आली.